अधिकृत भारतीय प्रतिनिधी

"काका, तुम्ही ग्रॅज्युएट आहात ना?" थालीपिठाचा तुकडा लोण्याला लावत शौनकने विचारलं.

गुरुदत्त खांबेट्यांनी पेपर खाली केला. निवृत्त झाल्यापासून त्यांना लोक जे विचारत ते साधारण 'किल्ली कुठे ठेवलीत' किंवा 'दूधवाला येऊन गेला का' या जातीचं असे. पदवीची चौकशी कोणी केली त्याला जमाना लोटला होता. ते जरा सावरून बसले.

"बी.ए. इतिहास घेऊन. सेकंड क्लास."

"आणि राहता भारतातच."

"म्हणजे काय? नौपाड्यात राहतो!"

"बस्स. झालं माझं काम."

शौनक त्यांचा पुतण्या. डोंबिवलीला एमआयडीसीत त्याचा गाळा होता आणि त्यात तो इलेक्ट्रिकचं सामान विकायचा. अलीकडे त्याला व्हिएतनाममधला एक कारखाना सापडला होता, घरगुती वायरी बनवणारा. वायर चांगली, मालक सरळ, सगळं जमून आलेलं. पण परदेशातून वायर आणायची म्हणजे कांदे-बटाटे आणायचे नव्हे. त्या वायरीवर आयएसआयचा शिक्का लागतो, शिक्का हवा तर त्या कारखान्याला आपल्या मानक ब्युरोचा परवाना लागतो, आणि परवाना हवा तर कारखान्याच्या वतीने जबाबदारी घेणारा एक माणूस भारतात लागतो. तो माणूस निदान पदवीधर हवा. शौनकने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. त्याची बायको क्षिप्रा डबल ग्रॅज्युएट, पण तिच्या बँकेला असले उद्योग चालत नव्हते. उरले काका.

"पण करायचं काय असतं त्यात?" प्रमोदिनीबाईंनी तव्यावरून विचारलं.

"काही नाही गं काकू. फक्त सह्या."

इथेच शौनकचं चुकलं. खांबेट्यांची सगळी नोकरी विमा कचेरीत, दावे तपासण्यात गेलेली. 'फक्त सह्या' केलेल्या माणसांचं पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल. त्यांनी कागदांचा गठ्ठा ठेवून घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. शौनक रोज फोन करायचा.

"काका, झाल्या का सह्या?"

"वाचतोय."

"अहो, हे कोणी वाचत नाही!"

"म्हणून तर माझी नोकरी टिकली."

वाचता वाचता खांबेट्यांना एकदा घाम फुटला आणि एकदा अभिमान वाटला. घाम यासाठी, की त्या कारखान्याच्या वायरीने या देशात काही भानगड केली तर ब्युरो पहिला जाब विचारणार तो यांना. अभिमान यासाठी, की या माणसाला कागदोपत्री एक हुद्दा होता. अधिकृत भारतीय प्रतिनिधी. खांबेटे तो हुद्दा दोनतीनदा मोठ्याने म्हणाले. विमा कचेरीत ते शेवटपर्यंत 'खांबेटे, जरा बघा' एवढेच होते.

त्यांनी सह्या केल्या आणि गोखले रोडवरच्या प्रेसमध्ये जाऊन कार्डं छापून घेतली.

कार्डांनी सोसायटीत गोंधळ उडवला. खांबेटे भारताचे प्रतिनिधी म्हणजे नेमके कुठे, यावर जिन्यात चर्चा झाली. तळमजल्यावरच्या बाईंनी इंग्रजी हुद्द्याची तीन आद्याक्षरं एआयआर अशी वाचली आणि सुनेला भावगीत गायला आकाशवाणीवर कधी बोलावणार ते विचारून गेल्या. "आकाशवाणी नाही हो, वायर," असं खांबेटे सांगत. "म्हणजे वायरलेस का?" असा पुढचा प्रश्न येई.

इकडे कामं रीतसर पुढे सरकत होती. ब्युरोचे अधिकारी व्हिएतनामला जाऊन कारखाना बघून आले. त्यांनी तिथे आपल्या हाताने वायरीचा नमुना काढला, त्यावर सही केली, लाखेचं सील मारलं. आता तो नमुना खांबेट्यांच्या पत्त्यावर येणार होता आणि त्यांनी तो ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा होता. नमुना तपासणीत उतरला की परवाना, परवाना आला की शिक्का, शिक्का लागला की शौनकचा माल. शौनकने कर्ज काढून गाळा वाढवला होता. तो आता फोनवर फार हळू आवाजात बोलायचा.

नमुना येण्याच्या दिवशी सकाळीच खांबेट्यांनी गोणपाटाची एक नवी पिशवी काढून दिवाणावर ठेवली.

"अगं, आज एक पार्सल येईल. अतिशय महत्त्वाचं आहे. आलं की या पिशवीत ठेव आणि कोणाला हात लावू देऊ नकोस. मी झेरॉक्स काढून येतो."

"काय आहे त्यात?"

"ते आत्ता नको. सील केलेलं आहे. सरकारी बाब आहे."

खरं तर वायर आहे एवढं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण 'सरकारी बाब आहे' हे वाक्य म्हणण्याची संधी खांबेट्यांना इतक्या उशिरा मिळाली होती, की त्यांनी ती सोडली नाही.

ते जिना उतरतात न उतरतात तोच वरच्या मजल्यावरून कुंडलिक भोईर आले. हे मूळचे कळव्याचे. खांबेट्यांच्या बरोबर वरचा फ्लॅट त्यांनी विकत घेऊन आतून पूर्ण नवा केला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याची वास्तुशांत होती. फ्लॅटमध्ये दिवसभर कोणी असेलच असं नसल्यामुळे त्यांचं सगळं सामान 'केअर ऑफ खांबेटे' येई.

"वहिनी, माझं वायरीचं बंडल येईल आज. हॉलची वायरिंग तेवढी राहिलीय. मयूर इलेक्ट्रिशियन येईल न्यायला, त्याला द्या हां. आजच्या आज व्हायला पाहिजे, नायतर विनिता मला घरात घ्यायची नाय."

"देते हो. त्यात काय."

दुपारपर्यंत दोन पार्सलं आली. दोन्हींवर खांबेटे हेच नाव, दोन्हींचा मजकूर इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. प्रमोदिनीबाईंनी दोन्ही उचलून पाहिली. एक चांगलं जड, गोल, आत वेटोळं असल्यासारखं. दुसरं हलकं, दाबलं की कुरकुरणारं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. जड ती वायर, म्हणजे कुंडलिकरावांची. हलकं ते आपल्या यांचं. सरकारी बाब म्हणजे कागदच असणार. त्यांनी हलकं पार्सल गोणपाटाच्या पिशवीत जपून ठेवलं, वरून गाठ मारली. मयूर आला तेव्हा जड खोकं त्याच्या हातात दिलं आणि वर त्याला ताकही दिलं.

चारच्या सुमाराला शौनक गाडी घेऊन आला. पिशवी त्यानेच उचलली.

"काका, फार हलकं वाटतंय हो."

"चांगल्या वायरी हलक्याच असतात," फायली सांभाळत जिना उतरणारे खांबेटे म्हणाले. इतिहासाच्या पदवीधराने हे इतक्या ठामपणे सांगितलं, की शौनकने पिशवी गाडीत ठेवली.

प्रयोगशाळेच्या काउंटरवर जागृती नावाची मुलगी होती. तिने कागद तपासले, शिक्के पाहिले, "व्यवस्थित फाइल केलंय सर," असंही म्हणाली. खांबेट्यांना विमा कचेरीत हे कोणी म्हटलं नव्हतं. मग तिने पिशवी उघडली, पार्सल फाडलं आणि आत हात घालून ओढायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या झेंडूची एक केशरी माळ बाहेर आली. तिच्या मागोमाग पिवळी. मग परत केशरी. काउंटरवर ढीग झाला तरी माळा येतच होत्या.

जागृतीने कागद पाहिले, माळा पाहिल्या.

"सर, हे... पेटतं की नाही ते तपासायचंय का?"

शौनक खुर्चीत बसला. खांबेट्यांनी घरी फोन लावला.

"अगं, पिशवीत काय ठेवलंस?"

"तुमचं पार्सल."

"यात झेंडू आहे!"

"अग्गोबाई! सरकारने झेंडू कशाला पाठवला?"

"सरकारने नाही पाठवला! वायर कुठे आहे? मोठं वेटोळं, जड?"

"ते कुंडलिकरावांचं ना? ते तर मी मयूरला—" प्रमोदिनीबाई थांबल्या. दाराची बेल वाजली होती. दार उघडल्याचा आवाज खांबेट्यांना फोनवर ऐकू आला आणि मग एक अनोळखी पुरुषी आवाज: "भोईर साहेबांची वायर आहे. दुकानातून आलोय. थोडा लेट झाला." त्यानंतर दार लागल्याचा आवाज आला.

"अहो," शेवटी प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही लवकर घरी या."

लवकर येणं कळवा नाक्याच्या हातात होतं. तिथे गाडी जी अडकली ती अडकलीच. शौनक स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला आणि खांबेटे मांडीवर झेंडूच्या माळा घेऊन बसले. शेजारच्या रिक्षावाल्याने "कुणाचं लगीन काका?" म्हणून चौकशी केली.

ते वर पोचले तेव्हा मयूर शेवटच्या स्विचबोर्डाचे स्क्रू आवळत होता. हॉलच्या भिंतींना ताजा फिकट हिरवा रंग, कुठे चरा नाही. कोपऱ्यात रिकामं खोकं, आणि खोक्यात फाटलेलं पांढरं कापड. त्या कापडावर फुटलेली लाख.

"हे सील... तू फोडलंस?" खांबेट्यांनी कापड उचलून विचारलं.

"हो ना काका, लय टाइट होतं. मला वाटलं प्रीमियम पॅकिंग आहे." मयूर खूश होता. "पण वायर एक नंबर हां! काय मख्खन जाते पायपातून. दोन तासांत हॉल खल्लास. कंपनी कुठली हो? नाव वाचताच येईना."

बंडलातलं हातभर शेपूट तेवढं उरलं होतं. खांबेट्यांनी ते चष्मा वर करून न्याहाळलं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण वर-खाली चिन्हं लागलेली, परदेशी भाषेतली होती. शिक्का अर्थातच नव्हता. तो मिळावा म्हणून तर ही वायर आली होती.

जिन्यात शौनकने त्यांना गाठलं.

"काका, हे बघा. झालं ते झालं. कारखान्याला सांगू नमुना वाटेत गहाळ झाला, दुसरा काढायची काहीतरी व्यवस्था करा. कुंडलिककाकांना काही बोलायचं नाही. वायर चांगलीच आहे हो! मी स्वतः बघून आलोय कारखाना."

"चांगली आहे हे तू म्हणतोस. तपासणाऱ्याने म्हटलेलं नाही."

"तपासल्यावर तो तेच म्हणणार आहे!"

"मग म्हणेपर्यंत थांबलं पाहिजे."

"उद्या त्यांची पूजा आहे काका. चाळीस माणसं येणारेत. तुम्ही काय भिंती उकरायला सांगणार?"

खांबेट्यांनी एकदा वरच्या दाराकडे पाहिलं. ते खाली येऊन दिवाणावर बसले. प्रमोदिनीबाईंनी पुढे केलेला चहा तसाच राहिला. त्या स्वतः सकाळपासून घडलेलं पुन्हा पुन्हा आठवून पाहत होत्या आणि प्रत्येक वेळी जड पार्सल मयूरच्याच हातात पडत होतं.

"तुम्ही मला एकदा 'वायर आहे' म्हणाला असतात तर," त्या हळूच म्हणाल्या.

"चूक माझीच आहे," खांबेटे म्हणाले. "सरकारी बाब, म्हणे."

दुसरा दिवस उजाडला तो कडक उन्हाचा. मे महिना, त्यात वारा पडलेला. वरून मंत्र ऐकू येऊ लागले. खांबेट्यांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि आहेराचं पाकीट खिशात ठेवलं. मग त्यांनी सही केलेल्या कागदाची प्रत सहज म्हणून काढली आणि पेन्सिलीने खूण केलेला परिच्छेद परत वाचला. शिक्क्याशिवाय या कारखान्याचा माल देशात कोणालाही दिला जाणार नाही याची खबरदारी प्रतिनिधी घेईल, अशा अर्थाचं काहीतरी होतं. त्यांनी छताकडे पाहिलं. त्या कारखान्याची हिंदुस्थानात आलेली पहिलीच वायर, बिनशिक्क्याची, प्रतिनिधीच्या बरोबर डोक्यावर होती. आणि तिच्याखाली चाळीस माणसं बसली होती.

"मी वर जाऊन सांगतो," ते म्हणाले.

"काय सांगणार?"

"खरं ते."

प्रमोदिनीबाईंनी पदर खोचला. "थांबा. मीही येते."

भोईरांचा हॉल माणसांनी फुलला होता. कळव्याहून सगळं गणगोत आलेलं. नवे पंखे भरधाव फिरत होते, दोन्ही एसी गार हवा सोडत होते, छताच्या कडेने लावलेले बारीक दिवे भर दुपारी मुद्दाम चालू ठेवले होते. पूजेसाठी मागवलेल्या आणि प्रयोगशाळेची वारी करून आलेल्या झेंडूच्या माळाही दारावर झकास दिसत होत्या. कुंडलिकराव सोवळं नेसून पाटावर, शेजारी विनिताबाई नऊवारीत. खांबेट्यांची नजर मात्र दिव्यांवरून पंख्यांवर आणि पंख्यांवरून भिंतींवर फिरत राहिली. एवढा सगळा भार त्या बिनशिक्क्याच्या वायरीवर!

"कुंडलिकराव, जरा मेन स्विच बंद कराल का?"

गुरुजी थांबले. कुंडलिकरावांनी हातातलं पळी-पंचपात्र तसंच धरलं.

"काय बोल्लात साहेब?"

"मेन स्विच. या हॉलच्या भिंतीत जी वायर आहे ती तुमची नाही. ती माझी आहे. म्हणजे माझ्या कारखान्याची. म्हणजे मी ज्यांचा प्रतिनिधी आहे त्यांची. तपासणीला जायची होती, ती चुकून इथे आली."

"मग चांगलं झालं की! मयूर सांगत होता, एक नंबर वायर आहे."

"असेल. पण तिच्यावर अजून शिक्का नाही."

"वायर वाईट आहे काय?"

"वाईट आहे असं मी म्हणत नाही."

"म्हणजे चांगली आहे."

"चांगली आहे असंही अजून कोणी म्हटलेलं नाही."

कुंडलिकरावांचे व्याही, पांढऱ्या टोपीतले भारदस्त गृहस्थ, पुढे सरकले. "हे कोण पाहुणे?"

"ते वायर कंपनीचे मालक," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाय रे, रेडिओवर असतात," दुसऱ्याने दुरुस्ती केली.

"मी अधिकृत भारतीय प्रतिनिधी आहे," खांबेटे म्हणाले. एवढ्या माणसांसमोर हा हुद्दा सांगायला मिळावा अशी त्यांची फार इच्छा होती. आता तो त्यांनी कसाबसा उरकला.

"अहो, स्वतःच्या कंपनीची वायर," कुंडलिकरावांचा आवाज चढला, "आणि तुम्हीच बोलता बंद करा? दुकानदार कधी बोलतो का, माझं दूध पिऊ नका म्हणून? माझी पूजा चाललीय साहेब! ही माणसं काय घामात बसवू? बंडल माझ्या माणसाला दिलंच कुणी?"

"मी," खांबेटे म्हणाले.

"नाही. मी दिलं." प्रमोदिनीबाई त्यांच्या मागून पुढे आल्या. "हे घरातसुद्धा नव्हते तेव्हा. मी उचलून बघितलं आणि दिलं. वर ताकही पाजलं. काय बोलायचं ते मला बोला, कुंडलिकराव. पण आधी हे बंद करू द्या." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत त्या दाराजवळच्या पेटीपाशी गेल्या, झाकण उघडलं आणि खटका खाली ओढला.

पंखे मंदावत मंदावत थांबले. एसीने एक उसासा टाकला. हॉलमध्ये एकदम इतकी शांतता झाली, की समईतली वात तडतडलेली ऐकू आली.

कुंडलिकरावांचा चेहरा लाल झाला होता. ते काही बोलणार तेवढ्यात विनिताबाई बोलल्या.

"बरं केलंत वहिनी."

"अगं विनिता—"

"काय विनिता? सकाळपासून नात त्या नव्या बटणांशी खेळतेय, चालू-बंद, चालू-बंद. मला काय माहीत आत काय भरलंय? ज्याची वायर तोच सांगतोय नको, तर नको. पूजेला लाइट कशाला लागते? समई आहे ना? गुरुजी, तुम्ही चालू करा."

गुरुजींनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि पुढचा मंत्र पहिल्यापेक्षा बराच वेगाने म्हटला.

प्रश्न उरला जेवणाचा. त्या उकाड्यात पंगत बसवणं शक्य नव्हतं. तोही प्रमोदिनीबाईंनीच सोडवला. खाली त्यांच्या दोन खोल्यांत पंखे होते. सगळी पंगत खाली आली. एकावेळी आठ माणसं हॉलमध्ये, चार स्वयंपाकघरात, दोन गॅलरीत. व्याही दिवाणावर मांडी घालून बसले. अधिकृत भारतीय प्रतिनिधी शर्टाच्या बाह्या सरसावून मठ्ठा वाढत होते. शौनक आणि क्षिप्रा आहेर घेऊन वर जायला निघाले होते, ते मधल्याच मजल्यावर वाढपी झाले.

"काका," जिलब्यांचं ताट घेऊन जाताना शौनक पुटपुटला, "ब्युरोलाही असंच सगळं सांगणार?"

"हो. उद्या."

शौनकने ताटातली एक जिलबी उचलून तोंडात टाकली आणि पुढे गेला.

खांबेट्यांनी ब्युरोला सगळं जसंच्या तसं लिहिलं. पिशवी, झेंडू, ताक, काही वगळलं नाही. काही दिवसांनी अधिकाऱ्यांचा फोन आला. ते आधी बराच वेळ खोकले. तो खोकला नव्हता असा प्रमोदिनीबाईंना आजही संशय आहे.

"मिस्टर खांबेटे, तुम्ही खरोखर पूजेतून वीज बंद करायला लावलीत?"

"हो साहेब."

"यजमानांनी ऐकलं?"

"नाही. आमच्या मंडळींनी खटका ओढला."

"अच्छा," पलीकडून आवाज आला, आणि परत तोच खोकला.

नियम मात्र नियमच होता. नमुना गेला म्हणजे गेला. नवा नमुना काढायची सगळी उस्तवार पहिल्यापासून झाली. पावसाळा गेला, गणपती गेले. शौनक महिनाभर काकांकडे फिरकला नाही. क्षिप्रा तेवढी अधूनमधून फोन करून "बोलेल हो तो, वेळ द्या," म्हणायची. वर मयूरने पायपांतून ती वायर खेचून काढली आणि दुकानातली शिक्क्याची भरली. भिंतींना चरा पडला नाही, पण कुंडलिकराव जिन्यात खांबेट्यांना पाहिलं की मोबाइल कानाला लावत. तो एकदा कानाला लावलेला असतानाच वाजला. तेव्हा दोघांनाही हसू आलं आणि अबोला तिथल्या तिथे संपला.

नवा नमुना खांबेट्यांनी मांडीवर घेऊन प्रयोगशाळेत पोचवला. तो तपासणीत उतरला. परवाना मिळाला. आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी शौनकच्या गाळ्यासमोर मालाचा पहिला ट्रक येऊन उभा राहिला. कस्टममधून सुटलेला, प्रत्येक बंडलावर आयएसआयचा शिक्का असलेला. शौनकने नारळ आणला होता. क्षिप्राने सुट्टी काढली होती. दुकानदारांची माणसं टेम्पो घेऊन रांगेत थांबली होती. काका-काकू मुद्दाम नौपाड्याहून आले होते आणि शौनकने सगळा राग विसरून दोघांच्या पाया पडून घेतलं होतं.

"काका, नारळ तुम्हीच फोडा."

"थांब," खांबेटे म्हणाले.

ते ट्रकपाशी गेले. एक बंडल काढायला लावलं. चष्मा वर केला. खिशातून रुमाल काढून बाटलीतल्या पाण्याने ओला केला आणि वायरीवरचा छापील शिक्का घासायला लागले.

"काका, काय करताय?"

"शिक्का ओल्या फडक्याने घासून पुसला जाता कामा नये. वाचलंय मी."

"अहो, तिकडे तपासलंय! इकडे तपासलंय! कस्टमने सोडलंय!"

"त्यांनी त्यांचं काम केलं."

ते घासत राहिले. टेम्पोवाले उतरून जवळ आले. बऱ्याच वेळाने खांबेट्यांनी रुमाल उलटून पाहिला. रुमाल स्वच्छ होता आणि वायरीवरची अक्षरं होती तशी ठळक.

"उत्तम," ते म्हणाले.

शौनकने नारळ उचलला.

"आता दुसरं काढ."

शौनकने ट्रककडे पाहिलं. तो छतापर्यंत भरलेला होता. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

"क्षिप्रा," तो म्हणाला, "यांच्यापेक्षा कस्टम परवडलं गं."

प्रमोदिनीबाईंनी गाळ्यातली खुर्ची सावलीत ओढली, पिशवीतून डबा काढला आणि दुसरा कोरडा रुमाल नवऱ्याच्या हातात दिला.